काचेच्या गाडीचं कोरं कार्ड

१

प्रवास कंपनीच्या काउंटरवरच्या बाईने कार्ड यंत्रावरून तिसऱ्यांदा फिरवलं आणि दोन बोटांनी उचलून परत समोर ठेवलं.

"यात काहीच नाही," ती म्हणाली. "पैसे संपलेत असंही नाही. हे कार्ड कधी सुरूच झालेलं नाही."

समोर एक वयस्क गृहस्थ उभे होते आणि त्यांचा हात धरून त्यांची मुलगी. गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. शहराच्या कडेला दुर्बिणींची भिंगं घडवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे त्यांनी चाळीस वर्षं काच घासली होती. वर्षभरापासून त्यांचीच नजर विझत चालली होती. हिवाळा संपेपर्यंत उजेड आणि सावली, एवढंच उरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या नऊ जणांनी मिळून त्यांना एक गिफ्ट कार्ड दिलं. काचेच्या छताची एक गाडी सपाटीवरून निघून थेट बर्फाच्या डोंगरात जाते. डोकं मागे टेकलं की वर आभाळ आणि कडे, दुसरं काही नाही. त्या गाडीची दोन माणसांची तिकिटं निघतील एवढे पैसे त्या कार्डावर असायला हवे होते.

मोसमातली शेवटची फेरी रविवारी होती, आणि हा बुधवार.

भिंगकाकांनी कार्ड चाचपून खिशात ठेवलं. "चल, घरी जाऊ," एवढंच ते म्हणाले. मुलीने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि कोपऱ्यावर जाऊन कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन केला. ते कार्ड विकत आणायचं काम हिशेब पाहणाऱ्या बाईवर सोपवलेलं होतं. ऊन उतरायच्या आत त्या बाईच्या हातून तिजोरीच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या.

२

हिशेबवाल्या बाईला एक आत्या होती. एका बँकेत क्रेडिट कार्डाच्या तक्रारींच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं बसून ती निवृत्त झाली होती. लोक तावातावाने येत, कागद आपटत, आणि ती डोळे मिटून ऐकत असे. साहेबांना वाटे, ही डुलकी काढते. खरं तर डोळे मिटले की आत्याला माणसाचं बोलणं एखाद्या लांबच लांब खोलीसारखं दिसायचं. कुठे खिडकी आहे, कुठे दार लावून घेतलंय, हे तिला आत फिरता फिरता कळायचं.

गुरुवारी सकाळी भाची तिच्याकडे आली तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. रस्त्यापलीकडची घरं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखी दिसत होती. आत्याने गरम पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, खुर्चीत मागे रेलली आणि डोळे मिटले.

भाचीने सांगितलं ते असं. कार्ड कुठून घ्यावं याचा तिने आठवडाभर अभ्यास केला होता. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलं तर वर सोयीचं शुल्क. पेट्रोल पंपावर किंवा औषधाच्या दुकानात घेतलं तर कार्ड सुरू करण्याचं वेगळं शुल्क. पैसे बदलून देणाऱ्या काउंटरवर क्रेडिट कार्डाने घेतलं तर बँक ती खरेदी धरतच नाही, रोख रक्कम उचलली असं धरते. त्यावर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. शेवटी पुलापलीकडच्या मोठ्या किराणा दुकानात तिला हवं ते सापडलं. तिथे तेच कार्ड छापील किमतीला मिळत होतं, आणि क्रेडिट कार्डावर साधी खरेदी म्हणून लागत होतं. मागच्या आठवड्यात मंगळवारी तिने ते आणलं. एक दमडी जास्त गेली नाही, हे तिने कारखान्यात ज्याला त्याला सांगितलं होतं. इतकं की फोरमन तिला म्हणाला होता, आता पुरे, आम्हाला पाठ झालंय.

"आणि तेच माझ्या अंगाशी आलं," भाची म्हणाली.

तिच्या क्रेडिट कार्डाच्या विवरणात फक्त किराणा दुकानाचं नाव होतं आणि रक्कम. गिफ्ट कार्डाचा उल्लेखही नव्हता. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, की हा घरचा किराणाही असू शकतो. फळीवर टांगलेलं कोरं कार्ड तर कुणीही उचलून आणू शकतं. शुल्क भरलं असतं तर निदान ते शुल्क तरी साक्षीला उभं राहिलं असतं. दुकानाची पावती तिने पाकिटातच, कार्डाला टाचणी लावून ठेवली होती, अडचण आली तर काकांना उपयोगी पडेल म्हणून. पाकिटात आता पावती नव्हती.

तिने पिशवीतून एक कागद काढला. बँकेकडे द्यायचा तक्रारीचा अर्ज होता तो, भरलेला, सही केलेला. व्यवहार मला मान्य नाही, रक्कम परत करा. मालकीणबाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. पैसे परत आणा किंवा राजीनामा. ती आत्ताच बँकेत निघाली होती.

आत्याने डोळे न उघडता हात पुढे केला, अर्ज घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून दिला.

"आधी दुकानात जाऊ," ती म्हणाली.

३

किराणा दुकानाची व्यवस्थापक थकलेल्या चेहऱ्याची, पण भली बाई होती. तिने विवरणावरची तारीख पाहिली, मागच्या खोलीत गेली, आणि बऱ्याच वेळाने एक चिठ्ठी घेऊन आली. त्या मंगळवारी त्या रकमेचं प्रवास कंपनीचं एक कार्ड खरंच विकलं गेलं होतं, आणि गल्ल्यावरच सुरूही झालं होतं. चिठ्ठीवर त्या कार्डाचा क्रमांक होता.

भाचीने काकांच्या मुलीकडून मागून आणलेलं कोरं कार्ड बाहेर काढलं. दोघींनी आकडे ताडून पाहिले. पहिले आठ जुळत होते. पुढचा एकही जुळत नव्हता.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कार्ड आणलं होतं, हे आता कागदावर होतं. पण मग ते गेलं कुठे?

व्यवस्थापक बाईने कोरं कार्ड उलटं करून पाहिलं आणि सहज सांगितलं, हा पुठ्ठा आमच्याकडचा नाही. त्याच्या मागे तांबड्या अक्षरांत एक ओळ छापलेली होती. हे कार्ड सुरू करताना वेगळं शुल्क आकारलं जाईल. अशी कार्डं औषधाच्या दुकानांत जातात, ती म्हणाली.

आत्या दारापाशी थांबून त्या तांबड्या ओळीकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिने प्रवास कंपनीला फोन लावला आणि चिठ्ठीवरचा क्रमांक सांगितला. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. उत्तर आलं तेव्हा तिने फोन खाली ठेवला आणि भाचीचा दंड धरला.

"खरं कार्ड सोमवारीच वापरलं गेलंय. दोन जागा घेतल्यात. त्याच गाडीच्या, याच रविवारच्या. कुणाच्या नावाने ते सांगत नाहीत."

४

दुपारी आत्या एकटीच कारखान्यात गेली. उंच खिडक्यांतून धुकट उजेड आत झिरपत होता, आणि त्यात काचेची बारीक भुकटी तरंगत होती. चाकं फिरत होती, पाणी ठिबकत होतं. सगळा कारखाना पाण्याखाली बुडून निवांत चाललाय असं वाटत होतं.

मालकीणबाईंनी गवगवा केला नव्हता. भाची आजारी आहे, असंच बाकीच्यांना सांगितलं होतं. फोरमनला मात्र सगळं माहीत होतं. तो रुंद खांद्यांचा, तुटक बोलणारा माणूस होता, आणि पहिला संशय आपल्यावर येणार हे त्याने आधीच ओळखलेलं होतं. मंगळवार ते शुक्रवार ते पाकीट पॉलिशवाल्या ताईंच्या खणात होतं, कारण भिंगकाका येता जाता हिशेबाच्या टेबलाशी टेकत आणि त्यांना ते दिसायला नको होतं. खणाची किल्ली फोरमनच्या जुडग्यात. शुक्रवारी समारंभात त्यानेच पाकीट काकांच्या हातात दिलं. चिकटवलेलं होतं का? होतं, फोरमन म्हणाला, गोंद धरलेला होता. मग त्याने आवाज खाली आणला. पॉलिशवाल्या ताईंनी अकरा वर्षांत एकदाही रजा मागितली नव्हती. या सोमवारी मागितली. रविवारपासून दोन दिवस.

आत्याने ताईंच्या टेबलाकडे दुरूनच पाहिलं. पन्नाशीची, शिडशिडीत बाई, बोटांच्या पेरांवर पॉलिशची तांबूस भुकटी मुरलेली. भिंग उजेडाकडे धरून पाहायची, खाली घ्यायची, परत धरायची.

तिथून आत्या औषधांच्या दुकानांच्या मागे लागली. पहिल्या दोन ठिकाणी प्रवास कंपनीची कार्डं नव्हतीच. तिसरं दुकान डोळ्यांच्या इस्पितळासमोर होतं. काउंटरशेजारच्या फिरत्या मांडणीवर, चष्म्याच्या फडक्यांखाली, तीच कार्डं टांगलेली होती. मागे तीच तांबडी ओळ. दुकानदार म्हणाला, ही कुणीही उचलून पाहतं, गल्ल्यावर सुरू केल्याशिवाय तो नुसता पुठ्ठा, आम्ही मोजतही नाही. भिंगांच्या कारखान्यातलं कुणी इथे येतं का, असं आत्याने विचारलं. दिवसभर म्हातारी माणसं येतात, कोण कुठलं हे कसं सांगणार, तो म्हणाला. मग त्याला आठवलं. एक बाई मात्र येतात. बोटं तांबूस असतात त्यांची. नजर हळूहळू जाणाऱ्यांना देतात ते थेंब नेतात.

बाहेर येऊन आत्या पायरीवर बसली आणि डोळे मिटले. कार्ड बदलणाऱ्याने तांबडी ओळ तशीच राहू दिली होती. शुल्क वाचवलं म्हणून भाचीने कारखाना डोक्यावर घेतला होता. ज्याला ती ओळ दिसली असती त्याने असं कार्ड पाकिटात घातलंच नसतं. ज्याने घातलं, त्याला ती दिसली नव्हती.

आणि कारखान्यात एक बाई होती, जिची नजर जात होती आणि जी ते कुणाला सांगत नव्हती.

५

ताई एका गोदामाच्या वर, दोन खोल्यांत राहत. आत्याने आडपडदा ठेवला नाही. दारातच विचारलं, की रविवारी कुठे निघालात.

ताईंचा चेहरा लाजलेल्या मुलीसारखा झाला. त्यांनी तिला आत घेतलं, फळीवरच्या डब्यातून एक लिफाफा काढला आणि तिकिटं तिच्यासमोर धरली. काही लपवायचं असलेल्या माणसाचे हात असे पुढे येत नाहीत, हे आत्याने अठ्ठावीस वर्षं पाहिलं होतं.

गेल्या शनिवारी भिंगकाकांनी त्यांना बागेत बोलावलं होतं. मुलीला सुट्टी नाही, दुसरी जागा वाया जाईल, तुम्ही चला, असं म्हणाले. मुलीला कळलं तर वाईट वाटेल, म्हणून कुठे बोलू नका, हेही म्हणाले. कार्ड त्यांनीच हातात दिलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ताईंनी भिंगातून आकडे वाचून फोनवरून जागा घेतल्या.

आत्याने तिकिटं उजेडाकडे धरली. एकावर ताईंचं नाव होतं. दुसऱ्यावर भिंगकाकांचं.

चोरलेल्या कार्डावर कुणी ज्याचं चोरलं त्याच्याच नावाने जागा घेत नाही. आत्या उठली. भाचीवर काय बालंट आलंय आणि रक्कम परत मागणारा अर्ज तिने बँकेसाठी कसा भरलाय, ते तिने थोडक्यात सांगितलं. ताईंनी विचारलं, तो अर्ज बँकेत गेला का. गेला असता तर बँकेने रक्कम अडवली असती, कंपनीने कार्ड रद्द केलं असतं आणि दोन्ही जागा गेल्या असत्या.

"नाही गेला," आत्या म्हणाली. "मी त्यावर बसले होते."

मग तिने जिन्यात थांबून स्वतःलाच विचारलं, की ज्याला ती ओळ दिसली नाही, त्याला अजून काय काय दिसत नाही?

६

शुक्रवारी सकाळी भिंगकाका घरी एकटे होते. मुलगी कामावर गेली होती. खोली नीटनेटकी होती, फार नीटनेटकी. प्रत्येक वस्तू भिंतीला टेकवलेली. काकांनी आत्याचं स्वागत केलं, खुर्ची दाखवली, धुकं आज ओसरलं हे बरं झालं असं म्हणाले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की कठडाही दिसत नव्हता.

आत्याने कोरं कार्ड टेबलावर, त्यांच्या हाताजवळ ठेवलं. काकांनी ते लगेच उचललं नाही. त्यांची बोटं टेबलावरून सरकत आली, कडेला लागली, आणि थांबली.

"पूर्ण गेली?" आत्याने हलकेच विचारलं.

काकांनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी हिवाळ्याच्या शेवटाची गोष्ट केली होती, नजर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गेली. मुलीला तिच्या मनासारख्या जागी बदली मिळाली होती, दुसऱ्या शहरात, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. तिला कळलं असतं तर ती गेली नसती. म्हणून काका घरात पावलं मोजून चालत होते, आवाजावरून माणसं ओळखत होते, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक करत होते. अशा माणसाला काचेचं छत घेऊन काय करायचं?

"आणि ताई?"

ताईंचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांत चाकाचा आवाज त्यांच्या कानात बसला होता. ताईंचं चाक हल्ली एकाच जागी जास्त वेळ रेंगाळत होतं. मग एकदा औषधाच्या दुकानात मागच्या रांगेतून ताईंचा आवाज ऐकू आला, आणि त्यांनी तेच थेंब मागितले जे काका मागणार होते. काका आवाज न करता बाहेर निघून गेले होते. ताईंसाठी कुणी वर्गणी काढणार नव्हतं, कारण ताई कुणाला सांगणार नव्हत्या. सांगितलं तर पॉलिशच्या टेबलावरून उठावं लागलं असतं.

म्हणून काकांनी पाकीट वाफेवर धरून उघडलं आणि कार्ड काढलं, त्याला टाचलेल्या कागदासकट. तो कागद काय होता हे त्यांना माहीतच नव्हतं. मुलगी रोज पाकीट चाचपून पाही, तेव्हा आत काहीतरी लागायला हवं, म्हणून त्याच कंपनीचं कोरं कार्ड दुकानदाराला विचारून मांडणीवरून काढून घेतलं आणि पैसे न देता खिशात टाकलं. रविवारी ऐन वेळी ताप आल्याचं सोंग करायचं, ताईंना म्हणायचं, माझ्या जागी बहिणीला न्या. मुलगी बुधवारी न सांगता थेट काउंटरवर नेईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तेवढी पुठ्ठ्याची चोरी माझ्या नावावर लिहा," ते म्हणाले आणि हसले.

त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. बाबांना वाईट वाटेल म्हणून मुलीने बुधवारनंतर घरात तो विषय काढलाच नव्हता. आत्याने तिजोरीच्या किल्ल्यांचं सांगितलं, शनिवारच्या मुदतीचं सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. ते उठले, सहा पावलं मोजून खुंटीपाशी गेले आणि कोट काढला. त्या घाईत एक बाही उलटी राहिली. आत्याने ती सरळ केली.

"मला तिथे घेऊन चला," ते म्हणाले. "आणि वाटेत माझ्या मुलीच्या ऑफिसावरून. आधी तिला सांगायला हवं."

७

मुलगी आधी रडली, मग दोन दिवस बापावर चिडून राहिली. नजर गेल्याचं तिला जितकं लागलं त्याहून आपल्यापासून लपवल्याचं जास्त लागलं. पण मिळालेली बदली तिने सोडली नाही. महिनाभराची मुदत मागून घेतली, आणि तेवढ्यात वडिलांना शेजारच्या रस्त्यांची ओळख करून द्यायचं ठरवलं. कारखान्यात मालकीणबाईंनी किल्ल्या भाचीच्या टेबलावर आणून ठेवल्या आणि उभ्या राहिल्या. माफी मागायची सवय नसलेल्या बाईला ती मागायला बराच वेळ लागला. भाचीने घाई केली नाही. काकांकडून ताईंचं कळल्यावर फोरमनने मागच्या बाजूला, एका कागदावर, नजर जाणाऱ्या माणसाला कारखान्यात कोणकोणती कामं करता येतील याची यादी करायला घेतली होती. ताईंना ती त्याने प्रवासाहून परतल्यावर दाखवायचं ठरवलं.

रविवारी सकाळी गाडी सुटली. काकांनी जागा ताईंच्या बहिणीला द्यायचा शेवटपर्यंत हट्ट धरला. तुम्ही नसाल तर मीही जात नाही, असं ताईंनी एकदाच सांगितलं, आणि तो विषय तिथेच संपला.

पहिला तासभर ताई सांगत राहिल्या आणि काका ऐकत राहिले. कडे कसे वर सरकतायत, बर्फ कुठे निळसर दिसतो, छतावर पडलेला एक कण कसा थरथरत वितळला. मग त्या अडखळू लागल्या. दूरचं सगळं त्यांना पांढऱ्यात पांढरं मिसळल्यासारखं दिसत होतं. कड कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं, हे त्यांना सांगता येईना. त्या गप्प झाल्या, आणि त्यांचं गप्प होणं काकांना बरोबर कळलं.

"आता तुम्ही डोळे मिटा," ते म्हणाले. "थोडा वेळच. मी सांगतो."

ताईंनी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं, नुसता खडखडाट. मग काकांनी एकेक सुटं करून दिलं. बाजूला बर्फ साचलेला असला की आवाज मऊ होतो, जवळ येतो. उघडा कडा असला की तोच आवाज आपटून परत येतो. ताईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. एकदा त्या म्हणाल्या, हा पूल. काका म्हणाले, नाही, ही नुसती खिंड. पूल आला की आवाज पायाखालून निसटतो.

गाडी वळणावर रेंगाळली, परत वेग घेऊ लागली. डब्यातले सगळे माना वर करून काचेतून बघत होते. अचानक चाकांचा आवाज पोकळ झाला आणि खाली, खूप खाली, कुठेतरी पडत गेला.

ताईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

"पूल," त्या म्हणाल्या.